संदर्भवचनांच्या आधारे उपदेशाची तयारी : काही महिन्यांच्या वापरानंतर

'ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज' हा बायबलमधील संदर्भवचनांचा जुना संग्रह गेले काही महिने मी रविवारच्या उपदेशांच्या तयारीसाठी नियमितपणे वापरत आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बॅगस्टर प्रकाशनाने काढलेल्या या ग्रंथात सुमारे ५ लाख संदर्भ आहेत. विवेचन जवळजवळ नाहीच. प्रत्येक वचनापुढे, शब्दाशब्दाला धरून, इतर वचनांचे क्रमांक दिलेले आहेत. प्रताधिकार संपल्यामुळे तो मोबाइलवर विनामूल्य मिळतो. भाषा इंग्रजी असली तरी काम मुख्यतः क्रमांकांशीच असल्याने मराठी पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवले की फारशी अडचण येत नाही.

त्याचा खरा उपयोग मला योहान ३:१४ (योहानाचे शुभवर्तमान, अध्याय ३, वचन १४) वर बोलायचे होते तेव्हा कळला. मोशेने अरण्यात उंच केलेल्या सर्पाचा उल्लेख तेथे आहे, आणि गणना २१ मधील मूळ प्रसंग, सर्पदंश झालेले लोक त्या सर्पाकडे पाहून वाचले तो, कोणताही उपदेशक सांगतोच. संग्रहाने मात्र मला २ राजे १८:४ कडेही नेले. देवाच्याच आज्ञेने घडवलेल्या त्या पितळी सर्पापुढे इस्राएल लोक पुढे धूप जाळू लागले होते, म्हणून हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. तारणाची खूणसुद्धा मूर्ती होऊ शकते, हा विचार त्या उपदेशाचा कणा ठरला. योहान ८:२८ आणि १२:३२ ही वचने सोबत वाचल्यावर 'उंच केले जाणे' म्हणजे वधस्तंभ, हे श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

सर्व संदर्भ एकाच तोलाचे नसतात, ही या संग्रहाची मोठी उणीव आहे. थेट अवतरण, दुसऱ्या शुभवर्तमानातील तोच प्रसंग, समान विषय आणि निव्वळ शब्दसाम्य हे सारे एकाच ओळीत दिलेले असते, आणि त्यांची निवड वाचणाऱ्यालाच करावी लागते. मी वापरतो त्या ॲपमध्ये तर क्रमांकावर बोट ठेवताच तेवढे एकच वचन चौकटीत दिसते, जे अभ्यासाला घातक आहे. येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ वाचतो त्या लूक ४:१८-१९ वरून यशया ६१ कडे जाताना पूर्ण उतारा वाचला तरच येशूने वाचन सूड उगवण्याच्या दिवसाच्या उल्लेखाआधी थांबवले, हे ध्यानात येते. त्याच ठिकाणचा लेवीय २५ चा संदर्भही असाच सावकाश वाचण्याजोगा आहे, कारण योबेल वर्षी, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी, गहाण पडलेली वतने परत मिळणे आणि दास झालेल्यांनी आपल्या कुळाकडे परतणे, हे समजल्यावर 'प्रभूच्या प्रसादाचे वर्ष' ही त्या वाचनातील घोषणा नासरेथच्या गोरगरिबांना कशी ऐकू आली असेल याची कल्पना येते.

तयारीचा क्रमही येथे महत्त्वाचा आहे. निवडलेला उतारा आधी संदर्भांशिवाय वारंवार वाचावा, आपले प्रश्न लिहून काढावेत आणि मगच हा संग्रह उघडावा. अन्यथा मूळ उताऱ्याचे म्हणणे बाजूला राहते आणि उपदेश म्हणजे वचनांची जंत्री होते. व्यासपीठावर दोन किंवा तीन संदर्भ पुरेत, कारण त्याहून अधिक सांगितले की वयस्कर मंडळी पाने उलटत मागे राहतात. उरलेले संदर्भ मी टिपणवहीत ठेवतो, आणि आठवड्याच्या घरगुती प्रार्थनासभेत, जेथे थांबून विचारायला सवड असते, तेथे ते सर्वांबरोबर वाचतो.