पहिल्या एअर रायफलची सफाई: फेल्ट की पुल-थ्रू?

१० मीटर नेमबाजीसाठी पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) घेतली की नळी कशाने साफ करायची, हा प्रश्न येतोच.

फेल्ट म्हणजे दाबलेल्या लोकरीचे ४.५ मिमीचे तुकडे. छऱ्यासारखे भरायचे आणि टार्गेटच्या दिशेने झाडायचे. पहिला काळाकुट्ट निघतो, पुढचे उजळत जातात. काम झटपट होतं. स्प्रिंगच्या रायफलीत (जिथे स्प्रिंग पिस्टन ढकलून हवा दाबते) मात्र एकटं फेल्ट झाडू नका. ते इतकं हलकं असतं की पिस्टनला समोरून हवेचा अडसर मिळत नाही आणि तो जोरात आदळतो.

पुल-थ्रू म्हणजे टोकाला चिंधी अडकवलेली दोरी. छर्रा भरतो त्या बाजूने ओवून नळीच्या तोंडाकडे ओढायची. वेळ लागतो, पण शिशाचा चिकटलेला थर हिनेच नीट निघतो, शिवाय सिलिंडरमधली हवा वाचते. नवशिक्याने आधी हीच घ्यावी, असं माझं ठाम मत. स्टीलचा गज नकोच: तोंडाची कड घासली की नेमाची अचूकता गेली.

तेल बाहेरच्या धातूवर, तेही पुसट. हवेच्या मार्गात साधं खनिज तेल गेलं तर दाबाखाली पेटू शकतं. आणि सफाईनंतर हात साबणाने धुवा, शिसं विषारी असतं.