कर्बल स्पेस प्रोग्राम: तीन उलटलेली यानं आणि एक आखूड शिडी

गेम लेकीसाठी घेतला, रात्री जागतोय मी. डूना म्हणजे यातला मंगळ. तिथे माणसं उतरवून परत आणणारं यान आपणच जोडायचं. पहिली तीन उतरताच उलटली. टाकी उंच, पाय अरुंद, दुसरं काय होणार? चौथं झोकात उभं राहिलं. लेक म्हणाली, "बाबा, उडी मारून उतरतील, पण परत चढणार कसे?" शिडी निम्मीच लावली होती.

खरी मजा वजनात आहे. परतीचं इंधन वाढवलं की यान जड होतं, मग ते उतरवायलाही जास्त इंधन लागतं. डोकं पिकतं, पण सोडवत नाही.

एक सवलत मात्र गेमने दिलीय. डूनावर हवेचा दाब खऱ्या मंगळाच्या साधारण दहापट, त्यामुळे पॅराशूटवर बरंच भागतं. खऱ्या मंगळावर तो पृथ्वीच्या एक टक्काही नाही. २०२१ मध्ये नासाचा टनभराचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर उतरवतानाही पॅराशूटनंतर रॉकेटं पेटवावीच लागली. माणसांचं यान तर त्याच्या कितीतरी पट जड!

पाचव्याला रुंद पाय, लांब शिडी, सगळं केलं. परतीचं इंधन कमी पडलं. तिघं अजून तिथेच आहेत.