जियाशिंगची झोंगझी: गरम असतानाच खावी

शांघायमध्ये राहायला आल्यापासून द्वानवूच्या सणाला, म्हणजे चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, कार्यालयातून मिळणारी झोंगझीची, म्हणजे पानात बांधून उकळलेल्या चिकट भाताच्या पुड्यांची, खोकी मी दरवर्षी शेजाऱ्यांना देऊन टाकत असे, कारण हवाबंद पिशवीतील तो घट्ट, गार भात मला कधी रुचला नाही. 2024 साली 10 जूनला हा सण आला, तेव्हा मात्र आम्ही दोघे वेगवान रेल्वेने साधारण अर्ध्या तासावरच्या जियाशिंग शहरात गेलो आणि तेथील एका लहानशा दुकानात माझे मत पार बदलले.

दुकानात टेबले चारच, पण दाराशी तीन बायका झोंगझी बांधत बसल्या होत्या. बांबूची दोन ओली पाने एकमेकांवर सरकवून द्रोण करायचा, सोया सॉस लावलेले चिकट तांदूळ भरायचे, त्यावर डुकराच्या मांसाचे दोन तुकडे आणि त्यांच्या मध्ये चरबीचा एक, पुन्हा तांदूळ, मग पान दुमडून दोऱ्याचे एक टोक दातांत धरून वेढे आवळायचे. कित्येक तास उकळलेली झोंगझी समोर आल्यावर दोरा सोडला, तेव्हा पानाच्या शिरा भातावर जशाच्या तशा उमटलेल्या दिसल्या. चरबीचा तुकडा शोधूनही सापडला नाही. तो वितळून शितांशितांत मुरला होता, आणि त्या खारट-गोडसर चवीला पानाचा हिरवा वास असा काही लागला होता की हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण झाली.

तक्रार एकच, पण शाकाहारी मराठी माणसासाठी ती महत्त्वाची आहे. माझी पत्नी मांस खात नाही. लाल कडधान्याचे गोड पुरण भरलेल्या झोंगझीत मांस नाही, असे आम्हाला सांगण्यात आले, मात्र आत चरबीचा तुकडा निघाला. येथे हे पुरण चरबी घालूनच करण्याची पद्धत आहे आणि चरबीला कोणी मांस म्हणत नाही, हे नंतर समजले. तरीही एका परक्या पाहुणीने दोनदा विचारल्यावर ते सांगायला हवे होते. म्हणून ‘मांस आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘जू-यौ’, म्हणजे डुकराची चरबी, आहे का हे स्पष्ट विचारावे. शेवटी मालकीणबाईंनी नुसत्या तांदळाची, साखरेत बुडवून खायची पांढरी झोंगझी स्वतंत्र पातेल्यातून काढून दिली, ती पत्नीने आवडीने खाल्ली.

घरी आणलेल्या झोंगझी दुसऱ्या दिवशी पानासकट पाण्यात उकळल्या, तेव्हा चव बरीचशी टिकली. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलीचा भात मात्र कडांना वातड झाला.