‘ग्रीन विंग’ की ‘डार्कप्लेस’: आधी कोणती बघावी?

दोन्ही मालिका २००४ च्या, दोन्ही ब्रिटनच्या चॅनल फोरवरच्या विनोदी, दोन्ही इस्पितळात घडणाऱ्या आणि दोन्हींत औषधपाणी सोडून बाकी सगळं चालतं. म्हणून ‘ग्रीन विंग’ आणि ‘गार्थ मॅरेंघीज डार्कप्लेस’ ही नावं लोक एका दमात घेतात. सध्या एकीलाच वेळ असेल तर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

माणसांच्या बाबतीत ‘ग्रीन विंग’ला तोड नाही. मार्क हीपचा डॉ. स्टॅथम हा स्वतःच्या रुबाबात सतत अडखळणारा रेडिओलॉजिस्ट. एचआरची प्रमुख जोअॅना त्याला खेळवते आणि तो हौसेनं खेळवून घेतो. मिशेल गोमेझची सू व्हाइट कर्मचाऱ्यांच्या अडचणी ऐकायला नेमलेली, पण तिच्या खोलीत एक गाऱ्हाणं घेऊन गेलेला माणूस दोन घेऊन बाहेर पडतो. पुढे ऑस्कर मिळवणारी ऑलिव्हिया कोलमन इथे मुलाबाळांच्या रामरगाड्यात पिचलेली ऑफिसातली बाई आहे.

मला नडली ती गती. प्रसंग मध्येच भरभर पळवायचा, मध्येच रबरासारखा ताणायचा, ही या मालिकेची खासियत. सुरुवातीला मजा येते. मग कुणी कॉरिडॉरमधून नुसतं चालत आलं तरी चित्र मंदावतं, संगीत सुरू होतं आणि आपण बसतो वाट बघत. बरं, पुढे ढकलावं तर तेही जमत नाही, कारण त्या ताणलेल्या चालीतच कुणाचा तरी चेहरा हळूच पडतो आणि खरा विनोद तोच असतो. ढकललं की गेला. भाग सुमारे पन्नास मिनिटांचा. रात्री जेवून बसणाऱ्याला डुलकी लागते, मला तरी लागायची.

‘डार्कप्लेस’मध्येही स्लो मोशन आहे! गार्थ मॅरेंघी (मॅथ्यू होलनेस) या भयकथालेखकानं १९८० च्या दशकात स्वतः लिहिलेली, स्वतःच नायक होऊन काढलेली आणि डब्यात पडून राहिलेली मालिका आता दाखवतोय, असं हे सगळं सोंग. मधेमधे मंडळींच्या मुलाखती. त्यात रिचर्ड आयोआडेचा डीन लर्नर, म्हणजे या सोंगातला निर्माता, निर्विकारपणे सांगतो की एपिसोड लांबीला कमी पडत होता, म्हणून संवाद नसलेली दृश्यं मंद केली आणि संवाद असलेलीही काही. युक्ती तीच, पण इथे तीच थट्टेचा विषय. सासू-सुनांच्या मालिकांत एकाच चेहऱ्यावर तीनदा आदळणारा कॅमेरा ज्यांनी सोसलाय, त्यांना वेगळं काही समजवायला नको.

अर्थात ‘डार्कप्लेस’चा सगळा खेळ मुद्दाम वाईट करण्याचा. हुकलेले संवाद, भलतीकडे बघणारे नट. मधूनच कुणी बघायला बसलं तर त्याला ती खरोखरच टुकार वाटेल. सोळा-सतरा भाग हे चाललं नसतं, पण आहेत सहाच, तेही अर्ध्या तासाच्या आतबाहेरचे. शनिवारच्या एका संध्याकाळी उरकतात.

कॅरोलिन आणि मॅक या दोन डॉक्टरांचं जमतं की नाही, ही हुरहुर मात्र ‘ग्रीन विंग’कडेच. पहिलं पर्व तर कड्यावर लटकलेल्या अँब्युलन्सवर आणून सोडतात, तिथे थांबणं कठीण. तेव्हा लांब सुट्टी असेल तर तीही घ्या. फक्त सबटायटल लावा, सू व्हाइटचं स्कॉटिश इंग्रजी एकदा सुटलं की हाती लागत नाही.