कोकोच्या बिया फोडण्याचे यंत्र म्हणून घरी आलेली मक्याची चक्की

सांगलीत विश्रामबागला आमच्या स्वयंपाकघरात गेली दोन वर्षे मी घरापुरते आणि दिवाळीत ओळखीच्यांच्या मागणीपुरते चॉकलेट करते आहे. केरळातून आंबवून वाळवलेल्या कोकोच्या बिया मागवायच्या, भाजायच्या, लाटण्याने फोडायच्या, सुपात पाखडायच्या आणि राहिलेला गर दगडी ग्राइंडरमध्ये वाटायचा, असा सगळा क्रम आहे. त्यातले फोडणे तेवढे जिवावर येते. एका बैठकीत तीन किलो बिया लाटण्याने फोडल्या की मनगट धरते, म्हणून मी यंत्राच्या शोधाला लागले आणि १८,५०० रुपयांना फसले.

भाजलेली बी कशी फुटावी लागते, ते आधी सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणूक नेमकी तिथेच झाली. भाजून गार केलेल्या बीचे टरफल ठिसूळ होऊन गरापासून सुटते; अशी बी ठरावीक फटीच्या दोन किंवा तीन रोलरांमधून गेली की तिचे चार-पाच तुकडे होतात आणि टरफल मोठ्या पापुद्र्यांत राहते, त्यामुळे पाखडताना किंवा केस वाळवण्याच्या ड्रायरचा गार वारा दिल्यावर ते सहज उडून जाते. बीच्या वजनात टरफल साधारण १२ ते १५ टक्के असते. याउलट बी घासली गेली, तर टरफल आणि गर दोन्हींचा चुरा होतो आणि मग सूप काय, कोणतीही हवा त्यांना वेगळे करू शकत नाही. शिवाय गरात निम्म्याहून अधिक कोको बटर असते. ते ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून घर्षणाने थोडी जरी उष्णता निर्माण झाली तरी यंत्रात काळा चिकट लगदा बसतो.

विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रफितीत तीन रोलरांचे देखणे यंत्र होते आणि खालच्या परातीत गराचे स्वच्छ तुकडे पडत होते. यंत्राचे भाग खाद्यपदार्थांना चालणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असल्याचे त्याने लेखी कळवले. ‘ताई, शेवटचाच नग राहिला आहे,’ असे म्हणून त्याने पूर्ण रक्कम आगाऊ मागितली. पैसे भरताना पडद्यावर कंपनीचे नव्हे, तर एका व्यक्तीचे नाव आले. ते मी वाचले, क्षणभर थांबले आणि तरीही पिन टाकला. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून दोष देते.

नऊ दिवसांनी खोके आले. आत हाताने फिरवायची चक्की होती. तिला रोलर नव्हते. खाचा पाडलेल्या दोन लोखंडी चकत्या होत्या आणि वर कोकोच्या फळाचे चित्र असलेला नवा स्टिकर लावलेला होता. स्टिकरची कड नखाने उचलली, तर खाली आधीच्या स्टिकरचा वाळलेला गोंद आणि मक्याच्या कणसाचा अर्धा रंगीत तुकडा दिसला. तरीही मी एक किलो बिया त्यातून काढल्या. हाती ५१० ग्रॅम गर आला, बाकी टरफलासह भुकटी झाली आणि चकत्यांना चिकटलेला लगदा मला सुरीने खरवडून काढावा लागला. चुंबक चकत्यांना घट्ट चिकटले. ही काही पक्की परीक्षा नव्हे, कारण स्टेनलेसच्याही काही जातींना चुंबक चिकटते; परंतु ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवलेल्या चकतीवर सकाळी तांबूस गंज धरला होता, त्यानंतर शंकेला जागाच राहिली नाही. हळद दळून देणाऱ्या आमच्या ओळखीच्या गिरणीवाल्या काकांनी एकदाच दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘ही जनावरांच्या भरड्याची चक्की आहे. बाजारात याच्या पाव किमतीत मिळेल.’

पावतीकडे मी त्यानंतर लक्ष देऊन पाहिले. पत्ता पुण्याचा होता आणि जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. हा पंधरा अक्षरांचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते कळते, आणि हे काम पैसे देण्यापूर्वी दोन मिनिटांत झाले असते. पूर्वी काढून ठेवलेली चित्रफीत बघण्याऐवजी आपल्याच भाजलेल्या अर्धा किलो बिया विक्रेत्याकडे पाठवून, त्या यंत्रातून जाताना व्हिडिओ कॉलवर पाहाव्यात आणि फुटलेला माल टरफलासकट परत मागवावा. रोलरांमधली फट कमीजास्त करता येते का, हेही त्याच वेळी विचारावे, कारण सगळ्या बिया एका आकाराच्या नसतात.

विक्रेत्याचा फोन आता लागत नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायच्या अर्जाची तयारी चालू आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, त्यामुळे मला सांगली सोडावी लागणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. खोके, दोन्ही स्टिकर, पैसे दिल्याची नोंद आणि ५१० ग्रॅमचा तो काटा दिसणारे छायाचित्र मी एका पाकिटात घालून ठेवले आहे. बिया सध्या पुन्हा लाटण्यानेच फोडते, एका वेळी अर्धा किलोच.