टी ट्री, रोशा आणि जळगावचा मे महिना : अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात मी झाडपाल्याच्या अर्कासारख्या जहाल सुगंधी तेलांच्या (इसेन्शियल ऑइल) १०-१० मिलीच्या दोन बाटल्या मागवल्या, एक टी ट्री (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तेल) आणि एक रोशा (रोशा गवताचं तेल). हनुवटीवर नि पाठीवर पुळ्या होत्या, आणि मलमांचा कंटाळा आला होता. आता आषाढ चालू आहे. एक बाटली घरात आहे, दुसरी परवा घराबाहेर काढली. तारे द्यायचेच असतील तर रोशाला चार. टी ट्रीचं खाली वाचा, मग तुम्हीच ठरवा.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. कापसाच्या काडीनं टी ट्री तसंच्या तसं पुळीवर लावलं. आग झाली म्हणून भसाभसा पाणी मारलं, आणि हीसुद्धा चूकच, कारण ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत. आधी साध्या खाद्यतेलानं पुसून घ्यायचं आणि मग साबणानं धुवायचं. दोन दिवसांत हनुवटीची साल निघाली. "नैसर्गिक तर आहे," मी कुरकुरले, तर पारोळ्याकडच्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बिब्बा बी झाडनाच शे ना माय!" ज्यानं अंगावर बिब्बा उतलेला पाहिलाय त्याला यापुढे काही सांगायला नको.

त्यानंतर थेंब मोजायला लागले. ३० मिली तिळाच्या तेलात ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का. चेहऱ्याला एवढंच पुरे. पाठीला, पायाला १२ थेंबांपर्यंत. एका मिलीत सुमारे २० थेंब, असा हा हिशेब, पण बाटलीच्या तोंडातली चकती आणि तेलाचा दाटपणा यावर थेंब लहान-मोठा होतो, म्हणून मी नेहमी कमीकडे झुकते. तेल घाण्यावरचं घेते. शेंगदाण्याचंही चालतं, फक्त अंगाला रात्रभर भज्यांचा वास येतो. नवं मिश्रण केलं की कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघायची. कंटाळवाणं आहे, पण करा. दालचिनी आणि लवंग यांच्या तेलांच्या वाटेला मी गेलेच नाही, ती फार जहाल. नणंदेला लिंबाच्या सालीचं तेल हवं होतं. ती रोज स्कूटीवर भुसावळ-जळगाव करते. दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, काळे डाग पडतात, निदान १२ तास ऊन टाळावं लागतं. तिला म्हटलं, तू सरबत पी.

पुळ्यांवर गुण आला का? आला, पण सावकाश. दिवाळीनंतर फरक दिसला. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर झालेल्या तुलनेतही हेच दिसलं होतं : बेन्झॉइल पेरॉक्साइड या पुळ्यांवरच्या नेहमीच्या औषधाप्रमाणे ५ टक्के टी ट्रीनंही पुळ्या कमी झाल्या, पण उशिरा, त्रास मात्र कमी. होळीपर्यंत मी हे तेल भेटेल त्याला सुचवत होते.

मग मे आला. आमचं वरचं घर स्लॅबचं. धाब्याच्या जुन्या घरात तरी थंडावा असायचा, इथे दुपारी कपाटाची कडीही हाताला चटका देते. टी ट्रीची बाटली त्याच कपाटात होती, अर्धी रिकामी, म्हणजे अर्धी हवेनं भरलेली. महिनाअखेरीस तेच तेल, तेच ६ थेंब, आणि हनुवटीला खाज. मग लाली, मग पाणी भरलेले बारीक फोड. मला वाटलं उष्णता भोवली, म्हणून आणखी दोन दिवस लावलं!

कशाची ॲलर्जी आहे ते बघायला त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून ४८ तास पाठ कोरडी ठेवायला सांगितलं. जळगावात, जूनमध्ये. टी ट्रीची जागा लालभडक उठली. त्यांनी कारण समजावलं : हवा, उजेड आणि उष्णतेनं तेलातले घटक बदलतात, आणि हे बदललेले घटकच ताज्या तेलापेक्षा जास्त ॲलर्जी करतात. एकदा अंगानं ओळख धरली की ती सहसा सुटत नाही, नवी बाटली आणली तरीही. आता शाम्पू घेतानाही मी मागचं बारीक अक्षर वाचते. बाटलीवर "थंड जागी ठेवा" छापलेलं होतं, पण उघडल्यावर किती महिने चालते ते कुठेच नव्हतं. विकणाऱ्यावर माझा राग आहे तो एवढ्यासाठी.

रोशाचं नशीब चांगलं. हे गवत आपलंच. एकोणिसाव्या शतकात खानदेशात त्याचं तेल काढलं जायचं. मुंबईहून रोशाचं तेल तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळायचं. दोन्हींत जिरॅनिऑल नावाचा सुगंधी घटक असतो, म्हणून वास जुळतो. भेगाळलेल्या टाचांना तिळाच्या तेलातून लावते, मऊपणा बहुधा तिळाचाच, पण वासासाठी रोज आठवणीनं लावलं जातं. जिरॅनिऑलचीही ॲलर्जी होते, पण माझी ती पट्टी कोरी निघाली.

रोशाची बाटली गडद काचेचीच आहे. आता ती फ्रिजच्या दारात असते, वर चिकटपट्टीवर उघडल्याची तारीख, झाकण गच्च, भाच्याचा हात पोचणार नाही अशी. सासूबाईंचं म्हणणं, दुधाला गुलाबाचा वास येतो. मला तरी येत नाही.