पद्मिनीला अल्टरनेटरचं ब्रॅकेट: एमएस, एसएस की अ‍ॅल्युमिनियम?

डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी असेल तर पावसात रात्री हेडलाइट नि वायपर एकदम लावले की दिवे कसे मंद होतात ते वेगळं सांगायला नको. म्हणून बरेच जण त्याजागी मारुती ८०० चा अल्टरनेटर टाकतात, तेच काम करणारा पण जास्त करंट देणारा, पण तो डायनॅमोच्या जागी सरळ बसत नाही, त्याला धरून ठेवणारं ब्रॅकेट बनवूनच घ्यावं लागतं. आता ते एमएस म्हणजे साध्या माइल्ड स्टीलचं, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलचं की अ‍ॅल्युमिनियमचं, हे ठरवताना आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याचा विचार आधी करा.

समुद्राकाठचा कुणीही पहिल्यांदा एसएस सांगणार. चूक नाही, पण नेहमीच्या ३०४ ग्रेडवरही इथे तांबूस डाग येतातच, ३१६ त्याहून बरं, त्यात मोलिब्डेनम असतं, पण एवढासा तुकडा कोण देतो? ड्रिल मारायला वैताग, स्पीड कमी आणि जोर जास्त हवा, नाहीतर बिट नुसतं घासतं आणि ती जागा अजूनच कडक होते. शिवाय ग्रील-गेटवाल्याने नेहमीच्या एमएस रॉडनेच जोड मारला तर प्लेट चकचकीत आणि जोड गंजलेला.

अ‍ॅल्युमिनियम मी तरी नाही करणार. वजन एक तृतीयांश, कबूल, पण एका ब्रॅकेटमागे वाचून वाचणार किती? सततच्या व्हायब्रेशनने त्याला चीर जाते आणि स्टीलच्या बोल्टाभोवती खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते.

राहिलं एमएस. माझं ६ एमएम प्लेटचं आहे, गाडी भाट्याला समुद्राजवळ मांगरात (शेडमध्ये) असते. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, इंजिनाला लावून भोकं पेन्सिलीने मारली, मग वेल्डरकडे नुसते टाके (जागा धरून ठेवण्यापुरते छोटे जोड) मारून घेतले, परत गाडीवर चढवून दोन्ही पुलींवर सरळ पट्टी धरून बघितली आणि लाइन जुळल्यावरच पूर्ण वेल्ड केलं, कारण तापलं की प्लेट खेचते आणि २ एमएम जरी सरकलं तरी बेल्ट झिजतो. कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा मारायला विसरू नका, सगळा ताण तिथेच येतो.

गंजाला घाबरून मी वरून जाड पावडर कोटिंग केलं, झालं, चार्जिंगचा दिवा मिणमिणायला लागला. अल्टरनेटरची अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, ब्रॅकेटमधूनच जाते ना, आणि मी तीच वाट रंगाने बंद केलेली! सगळं उतरवून टेकायच्या जागा ग्राइंडरने घासल्या, वर ग्रीस लावलं, अल्टरनेटरच्या बॉडीपासून इंजिनला वेगळी जाड अर्थ वायरपण टाकली. आता दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी ते बोल्ट एकदा खोलून, पुसून, परत ग्रीस लावतो, अर्ध्या तासाचं काम.

लेझर कटिंगसाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचं म्हणत असाल तर एका ब्रॅकेटसाठी नको, दोघा-तिघांच्या गाड्या असतील तर एकच साचा वापरून प्लेट्स एकत्र कापून आणा.